बिबट्या उसातलाच आहे

जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या शिवारात २०२४ साली शेतात गेलेल्या बायका बिबट्याने मारल्या, तेव्हा ठरलेली दोन उत्तरे आली. गाव म्हणाले, पकडा आणि जंगलात सोडा. शहरातले प्राणिप्रेमी म्हणाले, तुम्हीच त्याच्या जंगलात शिरलात. भांडण कडाक्याचे, पण दोघांचेही गृहीत एकच: बिबट्याचे घर जंगलात. तेच मुळात चुकीचे आहे.

प्राणिप्रेमींचे म्हणणे लवकर निकालात निघते. या पट्ट्यात जंगल तोडून ऊस लावलेला नाही. बाजरी-हुलग्याची जिरायत होती. माणिकडोह, येडगाव, डिंभे धरणांचे पाणी आले आणि ऊस उभा राहिला. वर्षभर न हलणारा आडोसा, कालव्याचे पाणी, वस्तीवरची कुत्री-शेळ्या. बिबट्याने ते हेरले. माद्या उसातच वितात. तोडणीला पिल्ले सापडतात. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तर भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९.

आता गावाची मागणी. तिच्यामागचे दुःख खरे आहे, पण उपाय करून झाला आहे. १९९३ ते २००१ मध्ये जुन्नर विभागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर, २००१ ते २००३ या काळात, हल्ले वर्षाला सतरावर गेले आणि जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण १८ वरून ३६ टक्के झाले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बावचळते, आणि रिकाम्या उसात दुसरे येते.

शेतीला आलेले असेच पाणी माळढोकाला मात्र मानवले नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण भोवतीचे माळ बागायतीत गेले आणि पक्षी जवळजवळ संपला. म्हणजे माळढोकासाठी जागा राखणे हेच संवर्धन होते. बिबट्याने जागा स्वतःच मिळवली. त्याच्यासाठी अभयारण्याचा नकाशा उघडून बसण्यात अर्थ नाही.

माणसांवर हल्ले करणारा नेमका बिबट्या पकडावा आणि पुन्हा सोडू नये, यावर वाद नको. बिबट्यांच्या नसबंदीने पुढची वीण घटेल, पण आज उसात असलेला बिबट्या हटणार नाही. खरे काम वनखात्याच्या हद्दीबाहेर पडून आहे. शेतीची लाइट दिवसा द्या, म्हणजे दारं धरायला कुणी रात्री उसात वाकणार नाही. गोठ्याला वरूनही जाळी लावा. उकिरड्यावर पोसली जाणारी कुत्री ग्रामपंचायतीने आवरावीत. आणि ऊसतोड मजुराच्या कोपीला दार नसते. ते बसवणे साखर कारखान्याचे काम आहे, वनरक्षकाचे नव्हे.