गाईच्या गव्हाणीत कीटक?

पशुखाद्यातील प्रथिनांसाठी कीटकांकडे वळावे, हा विचार आता जगभर मांडला जात आहे. ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ नावाच्या माशीच्या अळ्या वाढवावयाच्या, वाळवून त्यांची भुकटी करावयाची आणि ती जनावरांच्या खाद्यात मिसळावयाची, अशी ही योजना. कोंबड्या निसर्गतःच किडे टिपतात. त्यांच्याबाबत आक्षेपाला फारशी जागा नाही. दुभत्या गाईचा प्रश्न मात्र निराळा आहे.

ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंच्या मेंदूचा एक भयंकर रोग प्रथम ओळखला गेला. गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी गुरांना चारल्याने तो फैलावला होता. १९८८ मध्ये असे खाद्य बंद झाले. तरी १ लाख ८० हजारांहून अधिक जनावरे त्याला बळी पडली आणि १९९६ मध्ये माणसांतील एका प्राणघातक रोगाशी त्याचा संबंध असल्याचे सरकारला मान्य करावे लागले. कीटकांची भुकटी म्हणजे हाडांची भुकटी नव्हे, हे खरे. तरीही युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यपालनासाठी आणि २०२१ मध्ये कोंबड्या व डुकरांसाठी तिला मुभा दिली. गाईंसाठी दिली नाही. पोळलेल्या हाताची ही सावधगिरी आहे.

टाकाऊतून दूध निर्माण होईल, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. खरकटे व शेण यांवर वाढविलेल्या अळ्या पशुखाद्यात वापरण्यास युरोपात बंदी आहे. तेथे अळ्यांना कोंड्यासारखे स्वच्छ खाद्यच द्यावे लागते. मग तो कोंडा गाईनेच का खाऊ नये? माणसाला न पचणाऱ्या कडब्या-गवतातून पोटातील सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने प्रथिने घडविणे, हेच तर तिचे वैशिष्ट्य!

सरकी पेंडीचा भाव आणि दुधाचा दर यांचा मेळ घालताना मेटाकुटीस येणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला स्वस्त खाद्याचा मोह पडला, तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणूनच नियम आधी हवेत. पोत्यात काय आहे, हे पोत्यावर मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हिरवा चारा व मुरघास यांची तजवीज गावोगाव व्हावी.

आपल्याकडे दूध उपवासालाही चालते. असंख्य शाकाहारी घरांचा त्यावर निःशंक विश्वास आहे. तो एकदा ढळला, तर कोणत्याही भुकटीने भरून निघणार नाही.