श्वान टेबलाखाली निजेल

बार्तीमय आंधळा आहे हे प्रभू येशूला दिसत होते. तरी काय हवे, हे प्रभूने त्यालाच विचारले.

अंधांना मार्गदर्शक श्वान देणाऱ्या संस्थांचे विश्वस्त बहुधा विनावेतन काम करतात. म्हणून त्यांना जाब विचारू नये, हे आम्हांला मान्य नाही. सेवा फुकट असली तरी निर्णय दुसऱ्याच्या पावलांचा असतो.

१९२९ साली अमेरिकेत ‘द सीइंग आय’ उभी राहिली, ती डोरोथी युस्टिस आणि मॉरिस फ्रँक या अंध तरुणामुळे. तेथे पहिल्या श्वानासाठी अंध व्यक्ती स्वतः १५० डॉलर भरते. उरलेला मोठा खर्च देणग्यांतून. काहींना हे कठोर वाटेल. आम्हांला त्यात मान दिसतो. पैसे भरणारा तक्रारही करतो!

ज्या मंडळावर एकही अंध नाही, तेथे एका विश्वस्ताने खुर्ची सोडावी. श्वान टेबलाखाली निजेल.