जुन्या स्पोर्ट्स कारचा ताळेबंद

एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी आपले २९ वे कसोटी शतक पूर्ण केले आणि डॉन ब्रॅडमन यांच्या शतकसंख्येशी बरोबरी साधली. त्याच्या गौरवार्थ त्यांना फेरारी ३६० मोडेना ही स्पोर्ट्स कार भेट मिळाली; शर्यतपटू मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती देण्यात आली. पुढल्या वर्षी ती भारतात आणताना आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वाद झाला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर ते शुल्क भेट देणाऱ्या कंपनीने भरले. सुमारे नऊ वर्षांनी, २०११ मध्ये, ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे विकली गेली. तोवर तिची इतकी ख्याती झाली होती की २०१२ मध्ये राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेल्या एका हिंदी चित्रपटाचे सारे कथानकच त्या फेरारीभोवती गुंफलेले होते.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, फुकट मिळालेल्या वस्तूलाही किंमत मोजावी लागते. कोणीतरी ती मोजतोच. दुसरी अशी की, गाडी विकली गेली तरी २९ वे शतक ज्याचे होते त्याचेच राहिले. आठवण आणि यंत्र ही दोन निरनिराळी खाती आहेत. जुन्या स्पोर्ट्स कारविषयीचे बहुतेक चुकीचे निर्णय ही दोन खाती एकत्र केल्यामुळे होतात.

हा विषय आताच काढण्याचे कारण असे. मोंढ्यात हळदीची अडत चालवणाऱ्या आपल्या परिचयातील एका कुटुंबाचा तरुण मुलगा नुकताच सल्ल्यासाठी आला होता. काही वर्षांपूर्वी त्याने पुण्याहून एका जर्मन कंपनीची दोन दारांची आयात केलेली गाडी जुन्या बाजारात घेतली. आता ती चौदा वर्षांची झाली आहे. गिअरबॉक्स कुरकुरतो, सस्पेन्शन बसले आहे, एसी मनाला येईल तेव्हा चालतो. “काका, इंजिनला जास्त ताकदीचा टर्बो बसवून, नवा रंग मारून तिला परत तरुण करू, की विकून नवी घेऊ? आजवर चार लाख दुरुस्तीत घातले आहेत, ते वाया जाऊ द्यायचे का?” असा त्याचा प्रश्न होता. त्याचे वडील शेजारीच बसले होते. ते एवढेच म्हणाले, “बाळा, आधी हंगामाचे पैसे मोज.” पिता-पुत्रांच्या या दोन वाक्यांत सगळा विषय आला आहे. त्याची उकल क्रमाने करू.

प्रथम त्या चार लाखांविषयी. वाणिज्य शाखेच्या अभ्यासात बुडीत खर्च ही संकल्पना आरंभीच शिकवतात. जो पैसा खर्च झाला आणि कोणत्याही निर्णयाने परत येणार नाही, तो पुढच्या निर्णयाच्या हिशेबात धरायचा नसतो. दुकानात आपण हे तत्त्व सहज पाळतो. ८,००० रुपयांच्या भावाने घेतलेल्या मालाचा भाव ७,००० वर आला आणि पुढे आणखी उतरण्याची चिन्हे दिसली, तर शहाणा व्यापारी खरेदीभाव विसरून माल काढतो. गाडीच्या बाबतीत मात्र तोच व्यापारी खरेदीभाव आणि दुरुस्तीची बिले उराशी धरून बसतो. म्हणून हिशेब आजपासून मांडावा. आज विकली तर किती येतील आणि यापुढे किती जातील, एवढेच दोन प्रश्न.

आता एक नमुना घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. गाडी आज १२ लाखांना जाते. नीट दुरुस्तीला ६ लाख लागतात. म्हणजे ती ठेवायची तर १८ लाख गुंतले. चार वर्षांनी तिचे ८ लाख येतील असे धरले तर मूल्यघट १० लाख, म्हणजे वर्षाला अडीच लाख. गुंतलेल्या १८ लाखांवर १० टक्क्यांनी व्याज १ लाख ८० हजार. विमा, टायर, सर्व्हिस यांचे १ लाख २० हजार. एकूण वर्षाचा खर्च साडेपाच लाख.

तिच्या जागी ४५ लाखांची नवी घेतली आणि चार वर्षांनी तिचे २३ लाख आले, तर मूल्यघट वर्षाला साडेपाच लाख, व्याज साडेचार लाख, विमा व देखभाल दीड लाख. एकूण साडेअकरा लाख. जुनी विकून १५ लाखांची साधी कुटुंबाची गाडी घेतली आणि चार वर्षांनी तिचे ८ लाख आले, तर मूल्यघट पावणेदोन लाख, व्याज दीड लाख, देखभाल ७५ हजार. एकूण ४ लाख.

या तीन आकड्यांवरून दिसते की नव्या गाडीपेक्षा जुनीच दुरुस्त करणे निम्म्याहून स्वस्त पडते. साध्या गाडीपेक्षा मात्र ती वर्षाला दीड लाखाने महाग आहे, आणि तेवढी तिच्या हौसेची किंमत होय. हौस असणे गैर नाही. परंतु ती वर्षाला ३,००० किलोमीटरच धावत असेल, तर एका किलोमीटरला १८३ रुपये पडतात, हे कागदावर लिहून ठेवावे आणि मग हौस करावी. नवीचा हाच दर ३८३ रुपये येतो.

कमी धावणारी गाडी कमी झिजते हा समज अर्धवट आहे. रबर, तेल आणि पट्टे हे किलोमीटरपेक्षा वयाने अधिक खराब होतात. वर उल्लेखिलेल्या फेरारी ३६० मध्ये आठ सिलिंडरचे, ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्याचा टायमिंग बेल्ट गाडी धावो वा न धावो, तीन वर्षांच्या आसपास बदलण्याची शिफारस असे. तो तुटला तर वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन अंक वर्ष सांगतात. खाच शाबूत दिसली तरी जुना टायर वेगात धोक्याचा असतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी पाइप व सील त्यासाठी बनवलेले नाहीत. त्यांची तपासणी दुरुस्तीच्या यादीत प्रथम घालावी. रंग सर्वांत शेवटी यावा. व्यवहारात मात्र पैसा रंगापासून खर्च होऊ लागतो आणि ब्रेकपर्यंत पोहोचेतो संपतो.

दुरुस्ती आणि बदल यांत कायद्याने मोठा भेद केला आहे, तो तरुणांनी नीट समजून घ्यावा. झिजलेला भाग काढून त्याच प्रकारचा घालणे ही दुरुस्ती. निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत फरक करणे हा बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने असा फरक करण्यास मनाई केली आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात तीच भूमिका स्पष्ट केली. सीएनजी किटसारख्या मान्यताप्राप्त गोष्टींना मुभा आहे. मनाला येईल तो टर्बो, सायलेन्सर वा रुंद टायर यांना नाही. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा धोका विम्याचा. विमा कंपनीला न कळवता ताकद वाढवलेल्या गाडीचा अपघात झाला, तर दाव्यावर आक्षेप येतो आणि अशा वेळी सारे कुटुंब अडचणीत येते. म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाच्या अर्ध्या भागाचे उत्तर सरळ आहे. गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन दुरुस्त करावे, टर्बोचा विचार सोडावा.

आता नोंदणीचे वय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे एमएच-३८ च्या आधीच्या, एमएच-२२ क्रमांकाच्या काही गाड्या आजही जुन्या घरांत जपलेल्या दिसतात. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क साध्या कारला ५,००० रुपये झाले. आयात केलेल्या कारला मात्र ते ४०,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी हे शुल्क अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांच्या आयात गाडीवर ६ लाख खर्च करण्यापूर्वी हा आकडा धरलाच पाहिजे. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, ही आपल्याकडे पसरलेली समजूत मात्र खरी नाही. तशी वयोमर्यादा दिल्ली परिसरापुरती लावली गेली. आपल्याकडे गाडी तपासणीत उत्तीर्ण होते की नाही हे महत्त्वाचे. काहींना वाटते की आणखी काही वर्षे सांभाळली तर ती व्हिंटेज ठरून सोन्याच्या भावाने जाईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि मूळ रूप राखावे लागते. टर्बो बसवलेली गाडी त्या वाटेवरूनही बाहेर पडते.

नवी घेण्याच्या बाजूने नेहमी येणारा युक्तिवाद कराचा असतो. “पेढीच्या नावावर घेऊ, कर वाचेल.” याचे गणित पाहावे. आयकरात मोटारगाडीवर घटत्या शिलकेने १५ टक्के घसारा मिळतो, तोही व्यवसायासाठी झालेल्या वापरापुरता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या इंजिनच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे आणि सर्वसाधारण व्यापाऱ्याला प्रवासी कारवरील जीएसटीचे क्रेडिट कलम १७(५) प्रमाणे मिळत नाही. तीस टक्के कराच्या टप्प्यातील माणसाने १०० रुपये खर्च केले तर फार तर ३० वाचतात, ७० जातातच. जी गाडी धंद्याला नको आहे ती कर वाचवण्यासाठी घेणे हा बचतीचा मार्ग नव्हे.

विकण्याचे ठरल्यास एक दक्षता अत्यावश्यक आहे. पैसे हातात आले, चावी दिली, सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३० दिले, आणि नाव बदलल्याची खातरजमा राहून गेली, असे वारंवार घडते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. वेगवान गाडी चौथ्या हाती गेली आणि दूरच्या गावी अपघात झाला, तर नोटीस आपल्या पेढीच्या पत्त्यावर येईल. नाव बदललेले स्वतः पोर्टलवर पाहीपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.

राहिला वडिलांचा मुद्दा, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. पैसा कोठून येणार? हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये आणि वसमतच्या मोंढ्यात नव्या हळदीची आवक वाढते, तेव्हा शेतकऱ्याला रोख द्यावी लागते आणि खरेदीदाराकडून पैसे नंतर येतात. तो मधला काळ पेढीच्या खेळत्या भांडवलावर निभतो. बँकेतील नोकरीत मी अशी खाती पाहिली की धंदा चांगला होता, उधारी वसूल होत होती, पण कॅश क्रेडिटमधून काढलेली मोठी रक्कम गाडीत वा बंगल्यात जाऊन बसली होती. हंगामात माल समोर असताना हात आखडला, आणि वर्षानुवर्षांचा शेतकरी शेजारच्या अडतीवर गेला. गाडीच्या मूल्यघटीपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे असते आणि ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. दुकानाच्या खात्यातून हौस करू नये. गाडीसाठी घरखर्चातून उरलेल्या पैशाचे स्वतंत्र खाते असावे. त्यात जेवढे जमेल तेवढीच दुरुस्ती, आणि कर्ज घ्यायचे तर रीतसर वाहनकर्ज, ज्याचा हप्ता हंगाम मंदीचा गेला तरी भरता येईल.

तेव्हा निर्णयाचा क्रम असा ठेवावा. चेसिसला अपघाताचा वा पुराच्या पाण्याचा दोष आहे का, हे त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्या मेकॅनिककडून लेखी घ्यावे. दोष असल्यास एक रुपयाही न घालता विकावी आणि घेणाऱ्याला तो दोष सांगूनच विकावी. दोष नसेल, सुटे भाग मिळत असतील आणि हौसेच्या खात्यात पैसे असतील, तर मूळ रूपात दुरुस्त करून आनंदाने चालवावी. पैसे नसतील तर हंगाम संपेपर्यंत काम थांबवावे, आणि तोवर ब्रेक-टायर धड नसतील तर गाडी रस्त्यावर आणू नये. नवीचा विचार तेव्हाच करावा, जेव्हा साडेअकरा लाखांचा वार्षिक आकडा घरातील सर्वांसमोर, आई आणि सूनबाईंसह, मोठ्याने वाचून दाखवता येईल आणि तो ऐकून कोणीही मान खाली घालणार नाही.