आकृती आहे, आलेख कुठे?

मंगळवेढा तालुक्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो. बांधावरच्या पेटीत बसवलेल्या सौरपंपाच्या कंट्रोलरला नेमक्या त्याच तासांत सर्वाधिक काम पडते, कारण ऊन तेव्हा कडक असते आणि पाणीही तेव्हाच ओढायचे असते. पेटीतली हवा बाहेरच्याहून तापलेली, आणि आतल्या आयजीबीटी या पॉवर स्विचचे जंक्शन त्याहून कितीतरी गरम. तिथून लांब केबल बोअरमध्ये उतरते आणि पाणबुडी मोटरला मिळते. २०१९ची पीएम-कुसुम योजना आणि २०२४ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे अशा पेट्या आता राज्यभर दिसतात, आणि त्यांतल्या स्विचमध्ये सुधारणा सुचवणारे पेटंट अर्जही येऊ लागले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून तयार होणाऱ्या अशा अर्जांचा साचा आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. उपकरणाचा उभा छेद, थरांना दिलेले क्रमांक, एक-दोन थरांची बदललेली जागा, आणि शेवटी ‘यामुळे ऑन-रेझिस्टन्स कमी होतो व कार्यक्षमता वाढते’ असे एक वाक्य. आलेख असलाच तर सिम्युलेशनमधला, २५ अंश सेल्सिअसचा. आमचे म्हणणे असे की, पॉवर सेमीकंडक्टरच्या बाबतीत असा अर्ज अपुरा आहे. ज्या परिस्थितीत उपकरण वापरले जाणार, त्या परिस्थितीतल्या वर्तनाचा पुरावा दाखल करण्याच्या दिवशीच स्पेसिफिकेशनमध्ये हवा. परीक्षकानेही तोच मागावा.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कणसाचे छायाचित्र जोडून असे मानांकन मिळत नाही. माती, हवामान आणि दाण्याचा गुण यांचा संबंध अर्जात मांडावा लागतो. पेटंटचा कायदा निराळा, कसोट्या निराळ्या, पण मागणी त्याच जातीची आहे: रचना आणि परिणाम यांतला दुवा दाखवा. पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे लागते आणि तो त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विश्वनाथ प्रसाद राधेश्याम खटल्यात घालून दिलेली कसोटी आजही उद्धृत होते. वाद होता भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या एका साधनाचा. जुन्या भागांची नवी जुळणी केली असेल तर तिच्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. कारागीर कामाच्या ओघात करतो तेवढी सुधारणा पुरत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि ते पेटंट टिकले नाही. आता विचार करा: पॉवर उपकरणात पी आणि एन थर, गेट ऑक्साइड, ड्रिफ्ट विभाग हे सगळे जुनेच भाग आहेत. म्हणजे जवळजवळ प्रत्येक अर्ज या कसोटीच्या कक्षेत येतो, आणि ‘चांगली वस्तू’ हे शब्द कोणत्या तापमानाला, किती व्होल्टेजला, किती प्रवाहाला, हे सांगितल्याशिवाय पोकळ राहतात.

याचा सर्वांत ठळक पुरावा आयजीबीटीच्या इतिहासातच आहे. एकाआड एक पी आणि एन असे चार थर आणि त्यांवर एमओएस गेट ही रचना एका माणसाच्या डोक्यातून एका दिवशी निघालेली नाही. मित्सुबिशीच्या यामागामी आणि आकागिरी यांचा जपानी अर्ज १९६८चा. स्टॅनफर्डचे जेम्स प्लमर यांचा अर्ज १९७८चा. आरसीए कंपनीच्या बेके आणि व्हीटली यांचा अर्ज मार्च १९८०चा, आणि त्याला पेटंट मिळाले डिसेंबर १९८२ मध्ये. जनरल इलेक्ट्रिकमधले बी. जयंत बालिगा यांनी १९८२च्या आयईडीएम परिषदेत आपले उपकरण मांडले. त्यांचा १९८०चा अर्ज पेटंट होऊन बाहेर यायला १९९० उजाडले. छेद शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला हे एकमेकांचे भाऊबंद वाटतील. फरक कुठे होता? वर्तनात. चार थरांत एक नको असलेला थायरिस्टर दडलेला असतो. तो एकदा पेटला की गेटचा ताबा सुटतो, उपकरण बंद होत नाही आणि जळते. हेच लॅच-अप. प्लमर यांच्या उपकरणात थायरिस्टरची क्रिया हा कामाचाच भाग होता. बेके-व्हीटली यांच्या दाव्यात मात्र कोणत्याही कार्यस्थितीत थायरिस्टर क्रिया होणार नाही, अशी स्पष्ट अट होती. आज त्या पेटंटला आयजीबीटीचे पायाभूत पेटंट मानले जाते ते या अटीमुळे. थर सर्वांकडेच होते, हे विसरू नये. गंमत म्हणजे अट लिहिली गेली तरी लॅच-अपचा प्रश्न व्यवहारात सुटायला आणखी वेळ लागला. तोशिबाच्या अकिओ नाकागावा यांनी १९८४ मध्ये लॅच-अप न होणारी रचना दाखवली तेव्हा उपकरणावर खरा विश्वास बसू लागला. आणि इथे तापमान पुन्हा येतेच, कारण जंक्शन तापले की लॅच-अप कमी प्रवाहालाच होतो. २५ अंशांवर सुरक्षित दिसणारी रचना १२५ अंशांवर तशीच राहील असे कुणी गृहीत धरू नये.

सुपरजंक्शनची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण त्याच निष्कर्षाकडे नेते. साध्या सिलिकॉन मॉसफेटमध्ये ब्रेकडाउन व्होल्टेज वाढवावे तसा ऑन-रेझिस्टन्स त्याच्या अडीचाव्या घाताच्या आसपास वाढतो. पी आणि एनचे उभे स्तंभ आलटून पालटून बसवले, म्हणजेच सुपरजंक्शन केले, की हा चढ बराच सौम्य होतो. फिलिप्सचे डेव्हिड को यांना १९८८ मध्ये आणि चेंगदूचे चेन शिंगबी यांना १९९३ मध्ये यासंबंधी अमेरिकी पेटंटे मिळाली. बाजारातले उपकरण आले १९९८ मध्ये. एवढी वर्षे गेली ती कारखान्यात. दोन्ही स्तंभांतला विद्युतभार तंतोतंत जुळला तरच फायदा मिळतो. थोडा जरी असमतोल झाला तरी ब्रेकडाउन व्होल्टेज झपाट्याने घसरते. सिम्युलेशनमध्ये समतोल अचूक असतो, कारण आकडे आपणच भरलेले असतात. म्हणून अशा रचनेचा अर्ज लिहिताना असमतोल किती टक्क्यांपर्यंत चालेल हे दाखवणारा आलेख एका आदर्श आकड्यापेक्षा मोलाचा असतो. कलम १०(४) शोधाचे पूर्ण व नेमके वर्णन आणि अर्जदाराला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत मागते. स्तंभ कसे आणि किती सहनशीलतेत बनवायचे हे न सांगता ती अट पुरी कशी होणार?

‘चांगले’ म्हणजे काय, हा प्रश्न वापराच्या जागीच सुटतो. समजा अर्जदाराने स्विचिंग दुप्पट जलद केले. तोटा कमी झाला, हीटसिंक लहान झाला. पण लांब केबलच्या टोकाला मोटर असेल तर व्होल्टेजच्या तीव्र चढाची लाट मोटरपाशी परावर्तित होते आणि टर्मिनलवर डीसी बसच्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेज दिसू शकते. वाइंडिंगचे इन्सुलेशन खराब होते आणि शेतकरी म्हणतो, मोटर जळाली. म्हणजे एकाच्या आलेखातली प्रगती दुसऱ्याच्या बोअरमध्ये बिघाड ठरते. जो अर्ज गेटच्या रचनेतून हा चढ आटोक्यात ठेवून तोटाही कमी करतो आणि दोन्हींचा आलेख देतो, त्याच्यात कलम २(१)(जेए) मधली तांत्रिक प्रगती उघड दिसते. हाच फरक परीक्षकाने शोधावा.

यावर पहिला आक्षेप पेटंट एजंटांचा असतो. उपकरणाचा दावा रचनेचा असावा. परिणाम दाव्यात घातला की परीक्षक ‘दावा संदिग्ध’ म्हणून परत पाठवतो. हे खरे आहे, आणि नुसता परिणाम मागणारा दावा परत जायलाच हवा. पण निव्वळ भूमितीवर विसंबण्याचाही धोका आहे. इंटरनॅशनल रेक्टिफायरच्या लिडो आणि हर्मन यांच्या मॉसफेट पेटंटात पेशींचा आकार ‘बहुभुज’ असे म्हटले होते. डिफ्यूजनमध्ये कोपरे गोल होतात हे प्रत्येक फॅबवाल्याला ठाऊक असते. तरी २००४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने आयक्सिस कंपनीविरुद्धच्या खटल्यात बहुभुज म्हणजे सरळ रेषांनी बंदिस्त आकृती असा अर्थ लावला आणि खालच्या न्यायालयाचा निर्णय टिकला नाही. आकार आणि तो आकार कशासाठी, हे दोन्ही वर्णनात बांधलेले असले तर दाव्याला आधार मिळतो. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. कलम ३(ओ) एकात्मिक सर्किटच्या मांडणीला पेटंट नाकारते; तिच्यासाठी २०००चा स्वतंत्र कायदा आहे. पेशींची जाळी दाखवणारा अर्ज नुसत्या मांडणीसारखा दिसला तर हा आक्षेप येणारच. ती जाळी विद्युत क्षेत्र कसे वाटून देते हे आकड्यांत दाखवले की तो गळून पडतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सोलापूर किंवा पंढरपूरच्या महाविद्यालयातल्या संशोधकाकडे फॅब नाही. पुरावा मागणे म्हणजे मोठ्या कंपन्यांना रान मोकळे करणे. अडचण खरी आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. पुरावा म्हणजे प्रत्येक वेळी सिलिकॉनच हवे असे नाही. तापमानाच्या तीन-चार पातळ्यांवर चालवलेले, प्रक्रियेतली चढउतार धरणारे, वापरलेली भौतिक प्रतिरूपे उघड सांगणारे सिम्युलेशन हाही पुरावाच आहे. तुलनेसाठी त्याच मापाची जुनी रचना त्याच अटींखाली चालवलेली असली पाहिजे, एवढेच. आणि बाहेरच्या संशोधकांना नॅनोफॅब वापरू देणारा आयएनयूपी कार्यक्रम आयआयटी मुंबईत कित्येक वर्षांपासून आहे. शुल्काची सवलत शैक्षणिक संस्थांना मिळालेलीच आहे. सवलतीचा उपयोग मूल्यांकनाच्या तक्त्यात ‘प्रकाशित पेटंट’ असा आकडा वाढवायला होतो, तेव्हा नुकसान गरीब संशोधकाचेच होते: त्याचाही अर्ज त्याच ढिगात वाचला जातो.

तिसरा आक्षेप चतुर आहे: आकडे नंतर शपथपत्रावर देऊ. युरोपात विस्तारित अपील मंडळाने मार्च २०२३च्या जी २/२१ निर्णयात नंतरचा पुरावा केवळ उशिरा आला म्हणून फेटाळायचा नाही असे म्हटले खरे. पण तो परिणाम मूळ अर्जातल्या तांत्रिक शिकवणीत सामावलेला असला पाहिजे, हेही त्याच निर्णयात आहे. मूळ अर्जात तापमानाचा उल्लेखच नसेल तर काय सामावणार? आपले कलम ५९ तर दुरुस्तीतून नवा मजकूर आत घेऊच देत नाही. तात्पुरता अर्ज आणि पूर्ण स्पेसिफिकेशन यांमध्ये बारा महिने मिळतात. ते टंकलेखनात न घालवता चाचणीत घालवावेत. मात्र तात्पुरत्या अर्जात ज्याचा पायाच नाही, त्याला आधीची तारीख मिळत नाही, हे लक्षात ठेवून पहिल्याच मसुद्यात अपेक्षित मर्यादा लिहाव्यात. २०२४च्या नियमांनी परीक्षणाची विनंती करण्याची मुदत ४८ महिन्यांवरून ३१ वर आणली आहे, आणि मार्च २०२४ पर्यंतच्या एका वर्षात देशात एक लाखावर पेटंटे मंजूर झाली. या वेगात मुंबईतल्या अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयातला परीक्षक पहिल्या अहवालात ‘कोणत्या तापमानाला?’ असे विचारतो तेव्हा तो छळ समजू नये. उत्तराला सहा महिने असतात, आणखी तीन वाढवून मिळतात. तापमानानुसार आकड्यांचा तक्ता अर्जात आधीच असेल तर उत्तर एका पानाचे होते.