‘म्हणोन लिहिले, ऐशियास’

दिवाळी आली, की घरोघर पत्रांचा पाऊस पडतो. पूर्वी तो पोस्टमनच्या पिशवीतून पडे, आता संगणकावर पडतो, एवढाच काय तो फरक. पुण्याच्या मुलीचे पत्र येते, बंगळूरच्या भाच्याचे येते, साता समुद्रांपलीकडच्या नातवाचेही येते. या साऱ्यांना उत्तरे लिहिण्याचे काम बहुधा घरातल्या कोणातरी एका सोशिक माणसाच्या वाट्याला येते. आजचे हे चार शब्द त्या सोशिक माणसासाठी.

उत्तरात काय लिहावे, ते आम्ही सांगणार नाही. ते ज्याचे त्याला कळते. पण समोरच्याचे शब्द आपल्या उत्तरात कसे घ्यावेत, हा एक बारीकसा प्रश्न आहे, आणि बारीक म्हणूनच त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ई-मेलमध्ये ‘उत्तर’ या बटणावर बोट ठेवले, की आलेले पत्र आपोआप आपल्या पत्राच्या पोटात येऊन बसते. ते कोणाचे, कोठे सुरू झाले, कोठे संपले, हे नीट दिसले तर ठीक. न दिसले तर काय होते, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक वडिलोपार्जित घर आहे. थोरले दादा तेथेच राहतात, ताई पुण्याला दिलेली, धाकटा अमेरिकेत नोकरीला. छप्पर गळू लागले, तेव्हा दादांनी दोघांना विचारले, की घर विकावे काय? ताईने उत्तर पाठविले. धाकट्याने ताईची वाक्ये आपल्या पत्रात घेऊन त्याखाली आपला अभिप्राय लिहिला. दादांच्या पडद्यावर मात्र ते पत्र असे उमटले:

> बाबांनी बांधलेले घर आहे. विकायला माझी सही मिळणार नाही.
दुरुस्तीचा सगळा खर्च मी करीन.
ताईचे म्हणणे मला पटते.

ओळीच्या आरंभी असलेली ती टोकदार खूण म्हणजे ‘हे शब्द माझे नव्हेत, आलेल्या पत्रातले आहेत’ असे सांगणारी निशाणी. ताईची ओळ लांब होती. वाटेत कोठेतरी ती मोडली, आणि नेमकी पूर्णविरामापाशी मोडली. पहिल्या तुकड्यापुढे खूण राहिली, दुसरा तुकडा उघडा पडला. आता खर्चाची जबाबदारी कोणी घेतली? ताईने घेतली होती. पण वाचणाऱ्याला वाटणार, धाकट्याने. दादा गवंड्याला बोलावतात आणि पैसे अमेरिकेहून मागवितात. धाकट्याला वाटते, न बोललेला शब्द आपल्या गळ्यात पडला. ताईला वाटते, आपल्या औदार्याची कोणी दखलही घेतली नाही. दादांना वाटते, दोघेही बोलून फिरले. तिन्ही माणसे चांगली, आणि घोटाळा केला एका खुणेने!

यात आपल्या मायबोलीचाही थोडा हात आहे बरे का. ताईने ‘मी करते’ असे लिहिले असते, तर क्रियापदानेच चुगली केली असती, की बोलणारी बाई आहे. पण ‘मी करीन’ या रूपाला लिंग नाही. बहीण म्हणो की भाऊ म्हणो, ‘करीन’ ते ‘करीन’च. वर्तमानकाळात मराठी माणूस ओळखू येतो, भविष्यकाळात येत नाही. आणि आश्वासने तर सगळी भविष्यकाळातच दिली जातात!

हा प्रश्न काही संगणकाने निर्माण केलेला नाही. करवीरकरांना तर तो चांगलाच ठाऊक होता. कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर दरबारची मोडी कागदपत्रे आजही जपून ठेवलेली आहेत. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि मग तिला अक्षरे लटकावीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नव्हती, पूर्णविराम नव्हता, अवतरणचिन्ह तर नव्हतेच. अशा लिपीत दुसऱ्याचे म्हणणे आणि आपले उत्तर वेगळे कसे ठेवावयाचे?

त्या काळच्या चिटणिसांनी त्यासाठी शब्दांचीच कुंपणे घातली. मराठेशाहीतील पत्रांची धाटणी पाहावी. आरंभी, तुम्ही पत्र पाठविले ते पावले, असा दाखला. पुष्कळदा आलेल्या पत्राची तारीखही ‘छ’ ही खूण घालून दिलेली. कारण जासूद पायी जाणार, पत्रे मागेपुढे पोचणार, तेव्हा हे उत्तर कोणत्या पत्राचे ते स्पष्ट हवे. मग समोरच्याच्या मजकुराचा सारांश. तो संपला, की ‘म्हणोन लिहिले’. आणि त्यानंतर ‘ऐशियास’ किंवा ‘त्यास’ म्हणून आपले उत्तर सुरू. ‘म्हणोन’ आले, की समोरच्याचे बोलणे संपले. ‘ऐशियास’ आले, की आमचे सुरू झाले. मध्ये संशयाला जागा नाही. चिन्ह नसलेल्या लिपीत याहून चोख अवतरणचिन्ह कोणते असणार?

एवढी काळजी घेण्याचे कारण उघड आहे. कोणाचा शब्द कोणाच्या तोंडी गेला, तर प्रकरण तलवारीवर यावयाचे. साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ. त्यांच्यातली वाटणी १७३१ साली वारणेच्या तहाने मिटली, आणि तीही कोणी काय कबूल केले ते कलमवार लिहून. चुलतभावांच्या राज्याला जे लागले, ते मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांच्या घराला लागणार नाही काय?

पुढे छापखाने आले, बाळबोध लिपी रूढ झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत आणली. ‘म्हणोन’चे ओझे अवतरणचिन्हांनी उचलले. लोक मोडी विसरले, आणि तिच्याबरोबर चिटणिसांची शिस्तही विसरले.

संगणकाच्या जगाला ही शिस्त नव्याने बसवावी लागली. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून जाळ्यातल्या दुसऱ्या संगणकावर पहिले पत्र धाडले. पुढे विद्यापीठांतून आणि प्रयोगशाळांतून पत्रांची ये-जा वाढली, आणि १९८०च्या दशकात ती टोकदार खूण रुळली. एक खूण म्हणजे आलेल्या पत्रातले शब्द. दोन खुणा म्हणजे त्या पत्रात आधीच उतरून घेतलेले, त्याहून जुने शब्द. जणू आई, आजी आणि पणजी एका रांगेत उभ्या! आणि सर्वांच्या डोक्यावर एक दाखल्याची ओळ: अमुक तारखेस अमुक यांनी लिहिले.

जुन्या वळणाची संगणकवाली मंडळी अजूनही पत्र लिहावयास साधा टेक्स्ट एडिटर वापरतात. टेक्स्ट एडिटर म्हणजे नुसती अक्षरे लिहावयाची पाटी. तिच्यावर ना रंग, ना वेलबुट्टी. १९८५ सालचा ग्नू ईमॅक्स आणि ब्राम मोलेनार या डच गृहस्थांचा १९९१ सालचा विम ही त्यांतली दोन नामांकित नावे. १९९५ साली निघालेला ‘मट’ हा पत्रव्यवहाराचा प्रोग्रॅम तर स्वतः लिहिण्याची पाटी ठेवतच नाही. दाखल्याची ओळ घालून, प्रत्येक ओळीपुढे खूण लावून तो आलेले पत्र तुमच्या आवडत्या एडिटरच्या स्वाधीन करतो आणि म्हणतो, ‘आता तुम्ही जाणा!’

येथे खरी गंमत आहे. विममध्ये ‘डी’ हे अक्षर दोनदा दाबले, की नको असलेली ओळ जाते. ‘जी’ आणि ‘क्यू’ या अक्षरांची आज्ञा दिली, की लांब ओळी नीट मोडल्या जातात, आणि मोडलेल्या प्रत्येक ओळीपुढे ती खूण न चुकता लागते. ईमॅक्समध्ये कंट्रोलची कळ धरून ‘सी’ आणि मग ‘वाय’ दाबले, की आलेले पत्र दाखल्यासकट आणि खुणांसकट हजर. त्या मंडळींचा आणखी एक नियम म्हणजे ओळ सुमारे बहात्तर अक्षरांपलीकडे जाऊ द्यावयाची नाही. जुन्या पडद्यावर ऐंशी अक्षरे मावत. दर उत्तरागणिक पुढे एक खूण वाढणार, तेव्हा तिच्यासाठी पाट आधीच मांडून ठेवलेला बरा. ताईची ओळ जी मोडली, ती ही मर्यादा न पाळल्यामुळे. पुढे १९९९ साली यावर एक तोडही निघाली. ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा सोडावयाची. तिचा अर्थ, पुढची ओळ हिचीच आहे, हिला तोडू नका.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर दोनच महिन्यांनी अमेरिकेत सॅली हॅम्ब्रिज या बाईंनी संकलित केलेली संगणकावरच्या शिष्टाचाराची नियमावली प्रसिद्ध झाली. तीत सांगितले आहे, की उत्तर देताना मूळ पत्राचा सारांश आरंभी द्यावा, किंवा संदर्भ कळेल एवढाच मजकूर ठेवावा. सबंध पत्र ठेवू नये. आमच्या चिटणिसांनी हे वाचले असते, तर ‘यात नवे ते काय?’ असेच विचारले असते.

पण आज होते नेमके उलटे. बहुतेक लोक वर दोन ओळी लिहितात आणि खाली सगळे जुने बाड तसेच ठेवतात. जीमेल तर ते बाड तीन ठिपक्यांमागे झाकून ठेवते. झाकलेले दिसत नाही म्हणून ते नाही असे नव्हे! दहा पत्रांपूर्वी ताईने दादांना खासगीत लिहिलेले, वहिनीच्या हातखर्चाविषयीचे एखादे वाक्य त्या शेपटात निजलेले असते. अकराव्या वेळी कोणी ते पत्र काकांकडे पुढे पाठवितो, काका वहिनीला दाखवितात, आणि ऐन भाऊबीजेला घरात अबोला. ताईने ते वाक्य वहिनीला कधीच लिहिले नव्हते. ते तिच्यापर्यंत पोचविले त्या शेपटाने.

तेव्हा आमच्या सोशिक वाचकाने चार गोष्टी कराव्यात. हाताशी विम असो, ईमॅक्स असो, नाहीतर मुलाने दिलेला साधा फोन असो. त्यांना विद्वत्ता लागत नाही. ज्या वाक्याला उत्तर द्यावयाचे तेवढेच ठेवावे आणि बाकीचे पुसावे. ठेवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर कोणी आणि केव्हा लिहिले ते नावानिशी असावे. उत्तर ज्या त्या वाक्याच्या खाली, मध्ये एक रिकामी ओळ सोडून लिहावे. आणि पुढे पाठविण्यापूर्वी तीन ठिपक्यांखाली काय निजले आहे ते उघडून पाहावे. दाखल्याची ओळ यंत्र बहुधा इंग्रजीत घालते. ती पुसून ‘रविवारी ताईने लिहिले’ असे आपल्या भाषेत लिहिले, तर कोणी दंड करीत नाही. मटमध्ये तर ती ओळ एकदाच मराठीत लिहून ठेवता येते.

पुसताना मात्र एक पथ्य पाळावे. ताईने लिहिले, ‘विकायला माझी सही मिळणार नाही, दुरुस्तीचा खर्च मी करीन’. यातले पहिले वाक्य ठेवून दुसरे पुसले, तर खूण बरोबर, नाव बरोबर, शब्दही तिचेच. आणि तरी ती ताई नव्हे. ती एक हटवादी बाई झाली! कात्री हाती आली, की हा मोह होतो, विशेषतः भांडणात. म्हणून छाटलेला मजकूर मूळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा वाचावा. ‘हो, मी असेच म्हणाले होते,’ असे ती म्हणेल काय? म्हणेल, तर पत्र धाडावे.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेण्याची चाल आहे. दिवाळीत शेजारी फराळाचे ताट जाते, आणि कोणाचे ते नाव वाचून बिनबोभाट परत येते. शब्दांचेही तसेच करावे. ताट ज्याचे त्याच्या घरी गेले, की शेजारधर्म टिकतो, आणि पुढच्या वर्षी चकल्याही येतात.