भोकं दोन हवीत, पंखा नंतर

परसातलं पत्र्याचं शेड म्हणजे आमच्या धंद्याची रोजीरोटी. मी बऱ्हाणपुरात फॅब्रिकेशनचं काम करतो. शेतकऱ्याला ड्रिपच्या नळ्या आणि फवारणीचा पंप ठेवायला खोली हवी असते, कुणाला स्कूटर नि इन्व्हर्टरची बॅटरी, कुणाला भाडेकरू. मोजमाप होतं, अँगल-चॅनलचा हिशोब होतो, आणि शेवटी ठरलेली सूचना येते : चारही बाजूंनी पॅक करा. मग मे महिन्यात फोन येतो, आत उभं राहवत नाही, पत्र्यावर बसवायचा तो फिरणारा भोवरा केवढ्याला पडेल?

भोवरा विकण्यात माझा फायदा आहे, तरी सांगतो, आधी घेऊ नका. तो आतली हवा वर ओढतो हे खरं, पण खालून हवा यायला वाट नसेल तर ओढणार काय? तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिला वरून बाहेर जायला जागा आणि तिच्या जागी खालून थंड हवा यायला जागा, एवढंच काम आहे. दोन्ही भोकं एकाच उंचीवर ठेवली, वारा पडला, की ती निव्वळ शोभेची. वरचं मोठं आणि खालचं चिमुकलं केलं तर हवा त्या चिमुकल्याच्या मापानेच चालते.

दहा बाय बाराच्या एकपाखी शेडला माझा हिशोब असा. उतरत्या बाजूच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, दोन फूट रुंद नि वीतभर उंच असे दोन झरोके. उंच बाजूला अगदी पत्र्याखाली तेवढेच दोन. खालचे झरोके शक्यतो सावलीकडे, कडुनिंब असेल तर त्याच्याच बाजूला. वरचे पूर्वेकडे, कारण आपल्याकडचा पाऊस बहुधा पश्चिमेकडून झोडपतो. त्यावर उरलेल्या पत्र्याची तिरकी टोपी. पाव इंची वेल्डेड जाळी लावली की उंदीर थांबतो. मच्छरजाळी लावायचीच असेल तर भोक बरंच मोठं घ्या, बारीक जाळी वारा फार अडवते. लागतं काय, तर जाळीचा तुकडा, थोडा अँगल आणि अर्ध्या दिवसाचं वेल्डिंग. नवं शेड बांधताना केलं तर तेही जाणवत नाही.

आत काय ठेवता हेही बघा. चार्ज होणाऱ्या पाण्याच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन थेट छताला जातो, त्याला वरचं भोक लागतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवर साचते, तिला खालचं. दोन्ही एका शेडमध्ये कोंडणारी माणसं मी पाहिली आहेत. देव त्यांना सांभाळतो, एवढंच म्हणेन.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. झरोक्यांनी शेड बाहेरच्यापेक्षा थंड होणार नाही. बाहेर ४४ अंश असेल तर आत ४४च्या खाली येत नाही, फक्त पत्र्याने वर चढवलेले अंश उतरतात आणि रात्री खोली लवकर निवते. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले तर आणखी फरक पडतो. कूलर लावणारे दार-खिडक्या बंद करून बसतात, ते तर उलटंच. ओली हवा बाहेर गेली नाही की खोलीचं न्हाणीघर होतं.

हवेला वाट ठेवणं या गावाला नवं नाही. लालबागजवळचा कुंडी भंडारा १६१५ साली, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात झाला. जमिनीखालच्या पाण्याच्या बोगद्यावर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे उभ्या विहिरीच. त्यांतून खाली हवा नि उजेड पोचतो, गाळ काढायला माणूस उतरतो. पाण्यासाठी खणलेल्या बोगद्यालासुद्धा त्यांनी श्वास ठेवला. आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरांनाही धुराडं होतंच.

पलीकडे नाशिककडे गेलात तर कांदाचाळ बघा. जमिनीपासून दीड-दोन फूट वर उचललेली, तळाला फटी, बाजूंना फटी, वर पत्र्याऐवजी कौलं चांगली असं जाणकार सांगतात. सरकार तिला अनुदान देतं, कारण हवा न लागलेला कांदा सडतो आणि सडलेला कांदा दिसतो. आमच्याकडे यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस भरदुपारी पत्र्याच्या पॅक खोलीत झोपतो. त्याची झोप सडते ती मालकाला दिसत नाही, भाडं वेळेवर येतं. माझं मत सरळ आहे : परसातल्या शेडमध्ये भाडेकरू ठेवायचा असेल तर वर-खाली झरोका ही अट महानगरपालिकेने घालावी. अनुदान नको, नुसती अट.

चोराची भीती मी समजतो. ‘भैया, इसमें से कोई घुस जाएगा’, हे रोज ऐकतो. वीतभर उंचीच्या भोकातून, तेही जाळी लावलेल्या, कोण घुसणार? पण कोटेशनमध्ये ‘झरोके – चार’ अशी ओळ लिहिली की गिऱ्हाईक पेन काढून पहिली तीच खोडतं. म्हणून हल्ली ती ओळ मी वेगळी लिहीतच नाही, पत्र्याच्या भावातच धरतो.