चिघळलेली जखम आणि तीन टक्के लिंबूसत्त्व

वर्सोव्याच्या बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या, बर्फाच्या टोपल्या वाहणाऱ्या भगिनींच्या हातांकडे कधी कुणी नीट पाहिले आहे काय? कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात मोडतो, शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसतो. खाऱ्या पाण्यात दिवसभर भिजून कातडी आधीच मऊ पडलेली असते. जखम बारीक म्हणून घरी हळद किंवा चुना लावला जातो, रोजगार बुडू नये म्हणून काम चालूच राहते आणि चार दिवसांनी बोट सुजून ठणकू लागते.

असेच दुसरे दुखणे पायाचे. ज्यांना मधुमेह आहे, दिवसभर उभे राहण्याची नोकरी आहे, त्यांच्या पायाला बूट लागतो पण कळत नाही, कारण पाय बधिर झालेला असतो. कळते तेव्हा जखमेतून पू येत असतो. मग गोळ्या, इंजेक्शने, पुन्हा नवी गोळी. प्रत्येक पुढची गोळी मागचीपेक्षा महाग, आणि जखम आहे तिथेच. शेवटी बोट किंवा पाय काढण्याची भाषा निघते. कमावत्या माणसाचा पाय गेला तर त्या घराचे काय होते, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

गोळी का लागू पडत नाही? पोटात घेतलेले औषध रक्तावाटे जखमेपर्यंत जाते. ज्या पायाचा रक्तपुरवठाच मंदावला आहे तिथे ते पुरेसे पोचत नाही. शिवाय जखमेतले जंतू आपल्याभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि त्याच्या आड दडून राहतात. त्यातला स्यूडोमोनास हा जंतू तर फारच चिवट. पू हिरवट दिसू लागला की डॉक्टरांना त्याचाच संशय येतो. अनेक अँटिबायोटिक औषधे तो पचवून बसला आहे.

या चिवट जंतूवर आपल्याच महाराष्ट्रात, लातूरला, एक साधा उपाय तपासला गेला. तिथल्या महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस अँड रिसर्च या वैद्यकीय महाविद्यालयातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. बसवराज नागोबा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून सायट्रिक ॲसिडवर काम केले. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व, जे ढोकळ्यात पडते आणि सरबताच्या कारखान्यात पोत्यांनी लागते. शंभर भागांत तीन भाग, एवढेच त्याचे प्रमाण. जखम धुऊन हे औषध लावायचे, पट्टी बांधायची आणि रोज बदलायची. भाजलेल्या जखमा आणि मधुमेहाच्या पायाच्या जखमा यांवर केलेले त्यांचे अभ्यास २०१० साली परदेशी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या पुष्कळ जखमा या उपायाने भरून आल्या, असे त्यांत नोंदले आहे. कारणही समजण्यासारखे आहे. जखम आंबट झाली की जंतूंना तिथे वाढणे कठीण जाते, आणि नवे लालसर मांस भरायला मदत होते.

आंबटाचा हा गुण लातूरकरांनी पहिल्यांदा शोधला असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सैनिकांच्या हिरव्या पुवाच्या जखमांवर व्हिनेगरमधले ॲसिड अगदी सौम्य करून वापरले गेले होते. त्याही आधीची गोष्ट ग्लासगोची. इंग्लंडातल्या कार्लाइल गावी गटाराच्या घाणीची दुर्गंधी मारायला कार्बोलिक ॲसिड वापरतात, हे शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांच्या कानावर आले. १८६५ साली एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले, हाड मोडून जखम झाली. त्या काळी असा पाय बहुधा कापूनच टाकत. लिस्टर यांनी जखमेवर तेच गटाराचे औषध लावले आणि पाय वाचला. ज्यांच्या घरात कुणी गटारसफाईचे काम केले आहे, त्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल. पण कार्बोलिकने कातडीही जळते, म्हणून पुढे डॉक्टरांनी ते जखमेवर लावणे सोडले. जंतू मरावा पण मांस मरू नये, हा सगळा खेळ प्रमाणाचा आहे.

म्हणून हे वाचून कुणी जखमेवर लिंबू पिळू नये. लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड सुमारे पाच टक्के असते, म्हणजे औषधापेक्षा जास्तच, आणि तो रस निर्जंतुकही नसतो. वाण्याकडची पुडी पाण्यात कालवून औषध होत नाही. डेटॉल, सॅव्हलॉन यांच्याही बाटलीवर पाणी किती घालावे ते लिहिलेले असते. न मिसळता ओतल्यास झोंबते ते जंतूंना लागले म्हणून नव्हे, आपलेच मांस पोळते म्हणून.

खरे सांगायचे तर लातूरचे अभ्यास लहान आहेत आणि बरेचसे एकाच चमूचे आहेत. मोठ्या रुग्णालयांतून शेकडो रुग्णांवर तुलना करून हे पाहायला हवे होते. ते पुरेसे झाले नाही, याचे एक कारण आमच्या मते उघड आहे. लिंबूसत्त्वावर कुणाची मक्तेदारी नाही, मग त्याच्या प्रचारावर पैसा कोण घालणार? हे काम सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांनीच करावे, कारण अशा जखमा घेऊन गरीब माणूस त्यांच्याच दारी जातो.

तोवर जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, काटा आत राहिला असेल तर काढून घ्यावा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. सूज वर चढू लागली, ताप आला किंवा जखम काळी पडली तर त्याच दिवशी कूपर रुग्णालय गाठावे. मधुमेह असेल तर पायाची कोणतीही जखम लगेच दाखवावी. जखम आठवडे उलटूनही भरत नसेल तर पुवाची तपासणी करून घ्यावी आणि लातूरच्या उपायाबद्दल डॉक्टरांना बेधडक विचारावे. बंदरावर काम करणाऱ्यांनी आपण मासळीत हात घालतो हे आवर्जून सांगावे. मासळीपासून होणारी बोटाची जांभळट-लाल, दुखरी सूज वेगळ्या जंतूची असते आणि ती साध्या पेनिसिलिनने बरी होते. कधी बोटावर महिनोन् महिने न जाणारी गाठ येते. तिचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असतो, आणि त्याला औषध निराळे लागते.